ओसामु तेझुका आणि जपानी चित्रकथेची घडण

ओसामु तेझुका (१९२८–१९८९) हे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानी चित्रकथेचे, म्हणजे मांगाचे, प्रमुख शिल्पकार मानले जातात. जपानच्या दूरचित्रवाणीवर चलत्चित्रांची साप्ताहिक मालिका रुजवण्याचे श्रेयही त्यांच्याकडेच जाते, आणि त्या श्रेयाबरोबर येणारा दोषही. चाळीसहून अधिक वर्षांत त्यांच्या हातून सुमारे ७०० कथा आणि दीड लाखाच्या आसपास पाने उतरली. आकडा थक्क करणारा असला तरी त्यांचे खरे काम वेगळे आहे. त्यांनी चित्रकथेला लांबी दिली. चार चौकटींत आटोपणाऱ्या विनोदाच्या जागी शेकडो पाने चालणारी, मधे पात्रे मरणारी, शेवट गोड होईलच याची हमी नसलेली कथा मुलांच्या हाती देता येते, हे त्यांनी दाखवले आणि पुढच्या पिढ्यांना तसे वाचायची सवय लावली.

त्यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ रोजी ओसाका प्रांतातल्या तोयोनाका येथे झाला. ते पाच वर्षांचे असताना कुटुंब जवळच्या ताकाराझुका गावी राहायला गेले. हे गाव दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होते: गरम पाण्याचे झरे आणि सगळ्या भूमिका स्त्रियाच करतात अशी संगीत नाटकमंडळी. आईबरोबर ही नाटके पाहतच मुलगा वाढला. घरी वडिलांकडे चित्रपट दाखवण्याचे छोटे यंत्र होते आणि त्यावर डिस्नेची कार्टूने नि चॅप्लिनचे मूकपट लागत. तिसरे वेड किड्यांचे. आसपासच्या रानातून गोळा केलेल्या किड्यांची तो इतकी बारीक चित्रे काढी की ती छापील वाटावीत. पुढे टोपणनाव घेताना त्यांनी आपल्या नावात किडा या अर्थाचे चिन्ह घातले आणि चलत्चित्रांची कंपनी काढली तेव्हा तिचे नावही 'मुशी', म्हणजे किडा, असेच ठेवले. नाटक, सिनेमा आणि जीवशास्त्र या तीन आवडींनी त्यांची साथ शेवटपर्यंत सोडली नाही.

शाळकरी वयातच युद्ध आले. वरच्या वर्गातल्या मुलांना कारखान्यांत कामाला जुंपले जाई, तसे तेझुकाही ओसाकातल्या एका लष्करी कारखान्यात गेले. जून १९४५ मधल्या बाँबहल्ल्याच्या वेळी ते कारखान्याच्या टेहळणी मनोऱ्यावर होते. ते वाचले. खाली उतरल्यावर नदीकाठी जे दिसले ते त्यांनी पुढे आठवणींत आणि 'कागदी किल्ला' या १९७४ च्या आत्मचरित्रात्मक कथेत मांडले. १९४५ च्याच एप्रिलमध्ये, अर्धे शहर बेचिराख झालेले असताना, ओसाकाच्या एका रिकाम्या चित्रपटगृहात त्यांनी 'मोमोतारो' या लोककथेतल्या वीरावर बेतलेला, नौदलाच्या प्रचारासाठी काढलेला लांब चलत्चित्रपट पाहिला. त्यातला युद्धप्रचार त्यांनी बाजूला ठेवला. हलणाऱ्या चित्रांतून इतके काव्य उभे राहू शकते, ही गोष्ट मात्र मनात घर करून राहिली आणि एक दिवस आपणही असा चित्रपट काढायचा हे तिथेच ठरले. त्यांच्या पुढच्या आयुष्यातल्या बऱ्याच यशाचे आणि एका दिवाळखोरीचे मूळ या निश्चयात आहे.

१९४५ मध्येच त्यांनी ओसाका विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत प्रवेश घेतला. ४ जानेवारी १९४६ पासून मुलांच्या एका दैनिकाच्या ओसाका आवृत्तीत त्यांची 'माचानची रोजनिशी' ही चार चौकटींची मालिका सुरू झाली. त्यांची ही पहिली छापील मालिका. वय १७.

त्या वेळी ओसाकात एक विचित्र बाजार फुलला होता. टोकियोचे मोठे प्रकाशक युद्धातून सावरत होते, कागदावर नियंत्रण होते, आणि करमणुकीला मुले भुकेली होती. ओसाकातले छोटे प्रकाशक हलक्या कागदावर भडक लाल मुखपृष्ठांची स्वस्त चित्रपुस्तके छापत आणि ती गोळ्याबिस्किटांच्या नि खेळण्यांच्या दुकानांतून विकली जात. त्यांना 'आकाहोन', म्हणजे लाल पुस्तके, म्हणत. त्यांना प्रतिष्ठा नव्हती, पण पानांची आणि विषयांची मोकळीक होती. जानेवारी १९४७ मध्ये याच बाजारात 'नवे रत्नबेट' आले. कथेचा आराखडा साकाई शिचिमा या ज्येष्ठ चित्रकाराचा, चित्रे तेझुकांची, पाने २०० च्या आसपास. या पुस्तकाच्या चार लाख प्रती खपल्या असे सांगितले जाते.

पुस्तकाची सुरुवातीची पाने जपानी चित्रकथेच्या इतिहासात दंतकथेसारखी सांगितली जातात. एक मुलगा मोटार भरधाव हाकत धक्क्याकडे निघाला आहे. यात शब्द जवळजवळ नाहीत. मोटार कधी समोरून दिसते, कधी बाजूने. ती जवळ येते, वळते, पुढे जाते. एरवी एका चौकटीत उरकला असता असा प्रवास इथे चौकटींमागून चौकटी चालतो. वाचणाऱ्या मुलांना मोटार खरोखर धावताना दिसली, असे त्यांच्यातल्या अनेकांनी मोठेपणी, स्वतः नामवंत चित्रकथाकार झाल्यावर, लिहून ठेवले आहे. तोवरच्या बहुतेक चित्रकथा रंगमंचासारख्या होत्या. पात्रे डोक्यापासून पायापर्यंत दिसत आणि वाचक पहिल्या रांगेत बसल्यासारखा एकाच अंतरावरून पाहत राही. तेझुकांनी त्याला कॅमेऱ्यामागे नेले.

हे सारे त्यांनी एकट्याने शून्यातून काढले, ही समजूत मात्र आता टिकत नाही. तागावा सुइहो यांची 'नोराकुरो' ही सैनिक कुत्र्याची मालिका १९३१ पासून लाखो मुले वाचत होती. ओशिरो नोबोरु यांच्या युद्धापूर्वीच्या पुस्तकांतही सिनेमाच्या युक्त्या दिसतात, आणि मिकी माऊसच्या अमेरिकन वृत्तपत्री चित्रकथांची छाप तेझुकांच्या रेषेवर उघड आहे. तेझुका वेगळे ठरतात ते सातत्याने. पूर्वीच्यांनी अधूनमधून वापरलेली युक्ती त्यांनी कथा सांगण्याची रीत बनवली. आणखी एक गंमत म्हणजे 'नवे रत्नबेट'च्या मूळ आवृत्तीवर ते स्वतः नाखूश होते. साकाई यांनी पानांची काटछाट केली होती. समग्र साहित्य निघाले तेव्हा तेझुकांनी हे पुस्तक नव्याने काढून छापले. मूळ पुस्तक जसेच्या तसे वाचायला मिळायला २००९ साल उजाडावे लागले, आणि तोपर्यंत त्याचे गुणगान बहुतांशी आठवणींवरच चालले होते.

पुढच्या चार वर्षांत 'हरवलेले जग' (१९४८), 'मेट्रोपोलिस' (१९४९) आणि 'येणारे जग' (१९५१) या तीन विज्ञानकथा आल्या. 'मेट्रोपोलिस' काढताना फ्रिट्झ लांग यांचा त्याच नावाचा जर्मन चित्रपट त्यांनी पाहिलेला नव्हता. मासिकात छापलेले त्यातले एक छायाचित्र तेवढे पाहिले होते, असे त्यांनी सांगितले आहे. याच काळात त्यांची आणखी एक पद्धत ठरून गेली. स्टुडिओ जसे नट करारावर ठेवतो तशी त्यांनी पात्रांची एक मंडळी बाळगली. मिशाळ म्हातारा गुप्तहेर, गोंडस चेहऱ्याचा पण आतून कपटी रॉक, डोक्यामागे मेणबत्ती पेटणारा खलनायक लॅम्प हे वेगवेगळ्या कथांत वेगवेगळ्या भूमिका करत. नियमित वाचकाला ओळखीचा नट नव्या चित्रपटात भेटल्याचा आनंद होई.

टोकियोच्या मासिकांनी त्यांना बोलावले ते १९५० मध्ये. 'मांगा शोनेन' या मासिकात नोव्हेंबर १९५० पासून 'जंगल सम्राट' सुरू झाली. पांढऱ्या सिंहाच्या तीन पिढ्यांची ही कथा १९५४ पर्यंत चालली आणि शेवटी नायक लिओ हिमवादळात माणसाला वाचवण्यासाठी स्वतःचा जीव देतो. मुलांच्या मासिकात नायकाचा मृत्यू छापणे हे धाडसच होते. एप्रिल १९५१ मध्ये 'शोनेन' मासिकात 'आतोम राजदूत' आली. तिच्यातले दुय्यम पात्र असलेला यंत्रमानव मुलगा वाचकांना इतका आवडला की वर्षभरात तोच नायक झाला आणि 'बलदंड आतोम' १९६८ पर्यंत चालली. मुलगा अपघातात गमावलेला एक शास्त्रज्ञ त्याच्या रूपाचा यंत्रमानव घडवतो. तो वाढत नाही हे लक्षात येताच चिडून त्याला सर्कशीला विकून टाकतो. आतोमची कथा इथून सुरू होते. एक लाख अश्वशक्तीचा, आकाशात उडणारा हा मुलगा पुढे जपानच्या तंत्रज्ञानाच्या आशावादाचे चिन्ह म्हणून मिरवला गेला. ही गोष्ट तेझुकांना शेवटपर्यंत खटकत राहिली. मूळ कथांत यंत्रमानवांना दुय्यम नागरिक म्हणून वागवले जाते, माणसे त्यांचा वापर करून घेतात, आणि आतोम दोन्हीकडून परका ठरतो. विज्ञानाची आरती म्हणून त्या वाचायच्या असतील तर बरीच पाने गाळावी लागतील.

जानेवारी १९५३ मध्ये मुलींच्या मासिकात 'रिबनचा सरदार' सुरू झाली. राजगादीसाठी मुलगा म्हणून वाढवलेली, तलवार चालवणारी राजकन्या सफायर हिच्या कपड्यांत, अभिनयात, डोळ्यांतल्या चमकीत ताकाराझुकाचा रंगमंच सरळ उतरला आहे. मुलींसाठीची लांब साहसकथा या मालिकेने लोकप्रिय केली. पुढे हा प्रांत स्त्री चित्रकथाकारांनी ताब्यात घेतला आणि १९७० च्या दशकात त्यांनी तो तेझुकांच्या कितीतरी पुढे नेला.

मधल्या काळात वैद्यकीय शिक्षणही पार पडले. पदवी घेऊन, परवाना परीक्षा उत्तीर्ण होऊनही त्यांनी वैद्यकी केली नाही. डॉक्टरकी की चित्रकथा हा प्रश्न त्यांनी आईपुढे ठेवला आणि जे आवडते ते कर असे तिने सांगितले, ही आठवण त्यांनी अनेकदा सांगितली आहे. अभ्यासाचा धागा मात्र तुटला नाही. गोड्या पाण्यातल्या गोगलगाईच्या शुक्रपेशींवरील प्रबंधासाठी नारा वैद्यकीय विद्यापीठाने त्यांना १९६१ मध्ये डॉक्टरेट दिली. एव्हाना ते देशातले सर्वांत व्यग्र चित्रकथाकार होते, हे लक्षात घेतले तर या पदवीचे आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही.

१९५३ च्या सुरुवातीला तेझुका टोकियोतल्या तोकिवासो नावाच्या साध्या लाकडी इमारतीत राहायला आले. पुढच्या वर्षी त्यांनी खोली सोडली तेव्हा ती फुजिको फुजिओ या टोपणनावाने लिहिणाऱ्या दोन तरुणांना मिळाली. घरमालकाकडची अनामत रक्कम आणि आपले टेबल तेझुकांनी त्यांच्यासाठी मागेच ठेवले. मग तिथे इशिनोमोरी शोतारो, आकात्सुका फुजिओ आणि आणखी काही जण आले. बहुतेक सगळे तेझुकांची पुस्तके वाचून चित्रकथेकडे वळलेले. जपानी चित्रकथेची एक अख्खी पिढी त्या इमारतीच्या अरुंद खोल्यांत तयार झाली.

तेझुका एकाच वेळी अनेक मासिकांना हप्ते देत आणि बहुतेकांना उशिरा देत. प्रत्येक मासिकाचा संपादक त्यांच्या दाराशी बसून राही, कोणाची पाने आधी यावरून भांडणे होत, कधी लेखकाला हॉटेलात कोंडून काम करून घेतले जाई, आणि कधी लेखकच पळ काढी. संपादकांनी त्यांच्या नावावर कोटी करून 'उशीरकिडा' आणि 'थापकिडा' अशी टोपणनावे ठेवली होती. कामाचा हा रगाडा पेलण्यासाठी त्यांनी सहायकांची पद्धत बसवली. मुख्य पात्रे आणि चौकटींची आखणी स्वतः करायची, पार्श्वभूमी, काळे भराव आणि रेघोट्या इतरांनी पुऱ्या करायच्या. जपानमधली मोठी साप्ताहिके आजही याच पद्धतीवर चालतात.

टीकाही सुरू झाली होती. १९५५ च्या सुमारास 'वाईट पुस्तके हटवा' ही पालक-शिक्षकांची मोहीम जोरात आली, चित्रकथा जाळल्या गेल्या, आणि तेझुकांचे नाव यादीत वर होते. त्याहून वर्मी लागणारा धक्का मात्र आपल्याच माणसांकडून आला. भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानांसाठी लिहिणाऱ्या ओसाकातल्या तरुण चित्रकारांनी, तात्सुमी योशिहिरो यांच्या पुढाकाराने, १९५७ पासून आपल्या कामाला 'गेकिगा' म्हणायला सुरुवात केली. कारखान्यांत राबणाऱ्या तरुणांसाठी लिहिलेल्या या कथांत गुन्हे, गरिबी आणि हिंसा होती. गोंडस डोळे आणि विनोदी लकबी नव्हत्या. तात्सुमी शाळेत असताना तेझुकांचे भक्त होते आणि त्यांना जाऊन भेटलेही होते. आता तेझुकांचे सहायकच कामाच्या वेळेत गेकिगा वाचू लागले. या अस्वस्थतेत तेझुकांनी मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घेतल्याचे त्यांनीच लिहिले आहे.

मत्सर हा त्यांच्या स्वभावाचा भाग होता आणि त्यांनी तो लपवला नाही. इशिनोमोरी यांच्या 'जुन' या शब्दांविना चालणाऱ्या प्रयोगशील मालिकेबद्दल त्यांनी एका वाचकाला 'ही चित्रकथाच नव्हे' अशा आशयाचे पत्र लिहिले. ते इशिनोमोरींच्या कानावर गेले आणि त्यांनी मालिका थांबवण्याचा निर्णय घेतला; तेव्हा रात्री त्यांच्या घरी जाऊन तेझुकांनी माफी मागितली. पण मत्सर इथेच संपत नसे. ज्याचा हेवा वाटला त्याचे तंत्र आत्मसात करायचे, ही त्यांची खोड होती. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्यांची रेषा जड झाली, शरीरे खरी दिसू लागली, विषय काळे झाले. 'किरिहितो स्तोत्र' (१९७०–७१), 'आयाको' (१९७२–७३) आणि 'एमडब्ल्यू' (१९७६–७८) ही गेकिगाला दिलेली उत्तरे आहेत. त्यांतली 'आयाको' ही अमेरिकी ताब्यातल्या जपानमधल्या जमीनदार घराण्याच्या अधःपाताची कथा कोणत्याही गंभीर कादंबरीशेजारी ठेवता येईल.

चलत्चित्रांचे स्वप्न दरम्यान प्रत्यक्षात येऊ लागले होते. तोएई या चलत्चित्र कंपनीने त्यांच्या माकडराजाच्या कथेवरून १९६० मध्ये चित्रपट काढला, त्यात काम करताना त्यांना ही निर्मिती जवळून पाहता आली. १९६१ मध्ये त्यांनी टोकियोच्या नेरिमा भागात घराला लागूनच स्वतःचा स्टुडिओ उभा केला. तोच मुशी प्रॉडक्शन. १ जानेवारी १९६३ रोजी फुजी टीव्हीवर 'बलदंड आतोम'चा पहिला भाग लागला. दर आठवड्याला अर्धा तास चलत्चित्रे देणे अशक्य आहे, असे तोएईच्या अनुभवी मंडळींचे मत होते, आणि त्यांच्या पद्धतीने ते खरोखर अशक्य होते. डिस्ने किंवा तोएईच्या दर्जाच्या हालचालीसाठी लागणारी चित्रे सात दिवसांत काढणार कोण? तेझुकांनी हालचालच कमी केली. एक चित्र तीन फ्रेमपर्यंत तसेच ठेवायचे, म्हणजे सेकंदाला आठ चित्रे पुरतात. बोलताना फक्त तोंड हलवायचे. चित्र स्थिर ठेवून कॅमेरा सरकवायचा. उडण्याची, वळण्याची, धावण्याची चित्रे जपून ठेवायची आणि पुढच्या भागांत पुन्हा वापरायची. चौकटींची मांडणी आणि ध्वनी यांनी उरलेली कसर भरून काढायची. चित्रकथेच्या पानावर स्थिर चित्रांतून वेग उभा करायची जी कला त्यांनी कमावली होती, ती इथे नेमकी कामी आली.

मालिका तुफान लोकप्रिय झाली. १९६६ च्या अखेरपर्यंत तिचे १९३ भाग झाले आणि सप्टेंबर १९६३ पासून ती 'ॲस्ट्रो बॉय' या नावाने अमेरिकेत दिसू लागली. अर्थव्यवहार मात्र पहिल्या दिवसापासून लंगडा होता. वाहिनीकडून मिळणारी रक्कम निर्मितीखर्चाला पुरत नव्हती. ही तूट आतोमची चित्रे असलेली खेळणी, प्रायोजक चॉकलेट कंपनीचे स्टिकर, परदेशी विक्री आणि तेझुकांची चित्रकथांची कमाई यांतून भरली जाई. इतर कंपन्यांनी काटकसरीची तंत्रे उचलली आणि स्वस्त दरही. जपानी ॲनिमे, म्हणजे चलत्चित्र, उद्योगात आजही ऐकू येणारी अपुऱ्या मोबदल्याची आणि अमानुष तासांची तक्रार अनेक जण थेट आतोमच्या कराराशी जोडतात. ॲनिमे दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांनी तेझुकांच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या लेखात चित्रकथाकार तेझुकांचा मान राखून ॲनिमेकार तेझुकांवर कडक टीका केली. सगळा दोष एका माणसाच्या माथी मारणे अतिशयोक्त आहे. नंतरच्या कंपन्यांना दर वाढवून मागण्यापासून कोणी अडवले नव्हते. पण टीकेत तथ्य नाही असेही म्हणता येत नाही.

१९६५ मध्ये 'जंगल सम्राट' रंगीत मालिका म्हणून आली आणि अमेरिकेत 'किम्बा' या नावाने गाजली. १९९४ मध्ये डिस्नेचा 'द लायन किंग' प्रदर्शित झाला तेव्हा दोन्हींतल्या साम्यावरून जपानी चित्रकथाकारांनी जाहीर निषेधपत्र काढले. डिस्नेने उसनवारी नाकारली, आणि तेझुकांच्या वारसा-कंपनीने खटला भरला नाही. डिस्नेची चित्रे पाहून घडलेल्या माणसाच्या वाट्याला हा वाद मरणोत्तर यावा, हे विचित्रच.

मुशी प्रॉडक्शनमध्ये एव्हाना शेकडो माणसे काम करत होती. रिंतारो, ओसामु देझाकी, योशियुकी तोमिनो असे पुढचे नामवंत दिग्दर्शक तिथेच हात साफ करून बाहेर पडले. तेझुकांना मात्र कंपनी चालवणे जमले नाही. प्रौढांसाठी काढलेले 'हजार आणि एक रात्री' (१९६९) आणि 'क्लिओपात्रा' (१९७०) हे महागडे चित्रपट, नव्या स्पर्धकांची गर्दी आणि अंतर्गत कुरबुरी यांत ती कर्जात बुडत गेली. १९७१ मध्ये तेझुका अध्यक्षपदावरून दूर झाले. नोव्हेंबर १९७३ मध्ये मुशीचे दिवाळे निघाले आणि धनको त्यांच्या दारी आले. मासिकांतही त्यांची पीछेहाट झाली होती. १९६८ ते १९७३ या काळाला त्यांनी स्वतःच हिवाळा म्हटले आहे.

त्याच नोव्हेंबरात 'शोनेन चॅम्पियन' साप्ताहिकात 'ब्लॅक जॅक' सुरू झाली. संपादक काबेमुरा यांनी ही जागा तेझुकांना निरोपाचा मान म्हणून दिली होती, काही हप्ते चालवून थांबायचे होते, असे सांगतात. ती सलग १९७८ पर्यंत आणि नंतर अधूनमधून १९८३ पर्यंत चालली. अर्धा चेहरा वेगळ्या रंगाच्या कातडीने सांधलेला, परवाना नसलेला, अवाच्या सवा पैसे मागणारा शल्यविशारद हा तिचा नायक. प्रत्येक हप्त्यात वीसेक पानांची स्वतंत्र गोष्ट. शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही रोगी हरतो, किंवा पैसे देऊ न शकणारा माणूस डॉक्टरला काही शिकवून जातो. कमी जागेत पूर्ण कथा बसवण्याचे तेझुकांचे कसब इथे कळसाला पोचले आहे. वैद्यकशास्त्राशी मात्र त्यांनी हवे तसे खेळ केले, आणि मेंदूच्या एका शस्त्रक्रियेच्या चित्रणावरून १९७७ मध्ये त्यांना जाहीर माफीही मागावी लागली.

भारतीय वाचकाला तेझुका जवळचे वाटतील ते 'बुद्ध' मुळे. १९७२ ते १९८३ या काळात चाललेल्या या मालिकेत धर्मग्रंथातले चरित्र शोधणाऱ्याची निराशा होते. कथा सिद्धार्थापासून सुरू होत नाही. चाप्रा हा शूद्र दास मुलगा कोसलच्या सेनापतीचा जीव वाचवून आपली जात लपवत वर चढतो, आणि तत्ता हा अस्पृश्य पोर प्राण्यांच्या मनात शिरून त्यांच्यात वावरतो. हे दोघेही तेझुकांच्या कल्पनेतले आहेत. त्यांच्या नजरेतून वर्णव्यवस्थेची क्रूरता दाखवल्यावर मग बुद्धाची गरज वाचकाला पटते. मधेच आधुनिक विनोद येतात, पात्रे टेलिफोनचा उल्लेख करतात, लेखक स्वतः डोकावतो. श्रद्धाळू वाचक याला बिचकतील, पण बुद्धाच्या काळातला समाज खालच्या बाजूने पाहणारी इतकी मोठी चित्रकथा भारतातही झालेली नाही. तिच्या आठ खंडांच्या इंग्रजी आवृत्तीला २००४ आणि २००५ मध्ये अमेरिकेतले चित्रकथांचे आयझनर पुरस्कार मिळाले.

तेझुकांनी आपले जीवितकार्य मानले ते मात्र 'अग्निपक्षी'ला. १९५४ मध्ये एकदा सुरू होऊन अडलेली ही मालिका १९६७ मध्ये त्यांच्याच 'कोम' या मासिकात नव्याने सुरू झाली. 'गारो' मासिकात शिराटो सानपेई यांच्या शेतकरी उठावांवरच्या मालिकेने विद्यार्थी भारावले होते. 'कोम' हे त्याला दिलेले उत्तर होते. 'अग्निपक्षी'ची रचना अजब आहे. पहिला भाग प्राचीन जपानात, दुसरा मानवजातीच्या अंतात, मग पुन्हा भूतकाळ, पुन्हा भविष्य, असे आलटून पालटून दोन्ही टोकांकडून वर्तमानाकडे यायचे. ज्याचे रक्त पिऊन अमर होता येते असा पक्षी सगळ्या भागांना जोडतो आणि अमरत्व मागणारा प्रत्येक जण पस्तावतो. यातला जपानच्या इतिहासातल्या नारा काळातल्या दोन शिल्पकारांचा भाग सर्वोत्तम मानला जातो. एक तान्हेपणीच अपंग झालेला, खुनी आणि रागाने पेटलेला; दुसरा गुणी, सरळ, पण मान मिळू लागताच कुजणारा. दोघांना देवळाच्या छपरासाठी राक्षसमुखे घडवण्याच्या स्पर्धेत समोरासमोर आणून तेझुका कला कशातून येते हा प्रश्न विचारतात आणि उत्तर देताना कोणालाच सूट देत नाहीत. वर्तमानात घडणारा शेवटचा भाग कधीच काढला गेला नाही.

शेवटच्या दशकातले मोठे काम म्हणजे 'आदोल्फना सांगा' (१९८३–८५). कोबे शहरातला ज्यू मुलगा, त्याचा अर्धा जर्मन मित्र आणि हिटलर अशा तीन आदोल्फांची ही कथा गद्य मजकुराच्या एका वाचकप्रिय साप्ताहिकात आली आणि पुस्तकरूपात साहित्याच्या कप्प्यात विकली गेली. चलत्चित्रेही थांबली नव्हती. पाहणाऱ्याच्या नजरेतून उड्या मारत जाणाऱ्या 'जंपिंग' या लघुपटाला १९८४ मध्ये झाग्रेबच्या महोत्सवात आणि 'मोडका चित्रपट' याला १९८५ मध्ये हिरोशिमाच्या महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. मुशीतल्या धंदेवाईक घाईनंतर हे छोटे चित्रपट पाहिले की त्यांना चलत्चित्रांत नेमके काय करायचे होते ते कळते.

नोव्हेंबर १९८८ मध्ये शांघायच्या महोत्सवात ते कोसळले. पोटाचा कर्करोग होता. त्या काळच्या जपानी रिवाजाप्रमाणे त्यांना तो सांगितला गेला नव्हता. रुग्णालयातही काम चालूच राहिले. ९ फेब्रुवारी १९८९ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, टोकियोत त्यांचे निधन झाले. बेटोफेनच्या जीवनावरची 'लुडविग बी', 'निओ फाउस्ट' आणि 'ग्रिंगो' या तीन मालिका अपुऱ्या राहिल्या.

दुसऱ्याच वर्षी टोकियोच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले, १९९४ मध्ये ताकाराझुकात त्यांचे संग्रहालय उघडले आणि कोदान्शा प्रकाशनाचे त्यांचे समग्र साहित्य १९९७ मध्ये ४०० खंडांवर पूर्ण झाले. त्याच वर्षी 'असाही' वृत्तपत्राने त्यांच्या नावे चित्रकथेचा वार्षिक पुरस्कार सुरू केला. पहिला मुख्य पुरस्कार तोकिवासोतल्या फुजिको फुजिओ जोडीतले एक, 'डोरेमॉन'चे कर्ते फुजिको एफ. फुजिओ यांना, त्यांच्या निधनानंतर काही महिन्यांनी, देण्यात आला.